जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी: करार वाचण्याआधी शाळेचा हिशेब समजून घ्या

ऑगस्ट २०२५मध्ये भारत आणि जपानने पुढच्या ५ वर्षांत ५ लाखांहून अधिक माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं आणि होतकरू उमेदवार जपानला जावेत, असं उद्दिष्ट आहे. अशी घोषणा झाली की जपानमधल्या नोकऱ्यांच्या जाहिराती जास्तच डोळ्यांत भरू लागतात. त्यातली एक वर्षानुवर्षं दिसणारी जाहिरात म्हणजे खासगी इंग्रजी शाळेतल्या शिक्षकाची: कुठल्याही शाखेची पदवी चालेल, जपानी येत नसलं तरी चालेल, पगार महिना अडीच लाख येन, राहण्याची सोय कंपनी करेल.

जाहिरात बहुतेक वेळा खरीच असते. पण त्या चार ओळींमागे जो व्यवसाय उभा आहे, तो समजल्याशिवाय करारातली अर्धी कलमं कळत नाहीत. ही शाळा पैसे कसे मिळवते हे एकदा समजलं की शिक्षकाचे तास असे विचित्र का, करार एकेका वर्षाचेच का आणि मोठमोठ्या शाळा अचानक बंद का पडतात, हे सगळं आपोआप उलगडतं.

## ही शाळा नेमकी कसली?

या शाळांना जपानमध्ये एइकाइवा म्हणतात, म्हणजे इंग्रजी संभाषण. नाव शाळा असलं तरी सरकारी अर्थाने ती शाळा नसते. पदवी नाही, बोर्डाची परीक्षा नाही, मैदान नाही. रेल्वे स्टेशनसमोरच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर काचेच्या भिंतींच्या लहान लहान खोल्या आणि बाहेर स्वागतकक्ष, एवढाच पसारा. एका खोलीत १ ते ८ विद्यार्थी. इऑन, ईसीसी, बर्लिट्झ, नोव्हा ही त्यातली मोठी नावं.

सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाणं हा वेगळा रस्ता आहे. १९८७मध्ये सुरू झालेली जेट योजना त्यासाठीच आहे. त्या नोकरीचा मालक, सुट्ट्या आणि व्हिसाचा प्रकार, तिन्ही वेगळे असतात. दोन्हींची गल्लत करू नका.

सहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला पुन्हा क्लास कशाला लागतो? कारण जपानमधलं शालेय इंग्रजी अनेक दशकं प्रवेशपरीक्षेभोवती फिरत राहिलं. व्याकरण, भाषांतर, उताऱ्यावरचे प्रश्न, असा सगळा भर. विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं देण्याचा भाग आला तोच २००६मध्ये. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला २०२०मध्ये. वाचता येतं पण तोंड उघडत नाही, अशी अवस्था झालेल्या कोट्यवधी प्रौढांना बोलण्याचा सराव देणं, हा या शाळांचा धंदा. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

## शाळेकडे पैसा येतो कसा?

आपल्याकडच्या जिमची वार्षिक फी आठवा. जानेवारीत उत्साहाने वर्षाचे पैसे भरणारे सगळे रोज आले, तर जिममध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही. ते येत नाहीत, म्हणूनच जिमला एवढ्या लोकांना सभासद करून घेणं परवडतं. एइकाइवाचा जुना नमुना अगदी असाच होता. विद्यार्थी एकदम शेकडो धडे विकत घ्यायचा. जितके जास्त धडे, तितका प्रत्येक धड्याचा दर कमी. पैसे आज, शिकवणं पुढची दोन-तीन वर्षं.

आज आलेली फी म्हणजे शाळेच्या डोक्यावरचं देणं आहे. ते धडे अजून शिकवायचे आहेत, शिक्षकाचा पगार अजून द्यायचा आहे. पण शाळेने त्या पैशातून नव्या शाखा उघडल्या, जाहिराती केल्या, की जुन्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा खर्च नव्या विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवावा लागतो. नवे विद्यार्थी येत आहेत तोवर सगळं सुरळीत. ते थांबले की पगार थांबतो.

म्हणूनच या शाळांत विक्री हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं. नवा माणूस आला की त्याला आधी मोफत चाचणी धडा दिला जातो आणि तो धडा शिक्षकच घेतो. मग स्वागतकक्षातली व्यक्ती करार पुढे सरकवते. काही शाळांत जुन्या विद्यार्थ्याला जादा धडे किंवा नवीन पुस्तकसंच सुचवण्याचं कामही शिक्षकाकडे असतं. मुलाखतीत हे थेट विचारा. शिकवण्याची आवड असलेल्या माणसाला या कामाचाच जास्त त्रास होऊ शकतो.

## २००७मध्ये काय झालं?

१९८१मध्ये सुरू झालेली नोव्हा ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी होती. भरात असताना तिच्या सुमारे ९०० शाखा, लाखो विद्यार्थी आणि हजारो परदेशी शिक्षक होते.

वाद पेटला तो परताव्यावरून. समजा, तुम्ही १ हजार येन दराने ५०० धडे घेतले, १०० वापरले आणि क्लास सोडला. तुमच्या हिशेबाने ४ लाख येन परत मिळायला हवेत. पण शाळा म्हणणार, ५०० घेतले म्हणून तो दर होता. तुम्ही तर १००च वापरले, तर त्या १००ला २ हजारांचा दर लागेल. झाले ३ लाख. हे आकडे समजण्यापुरते, पण नोव्हाची पद्धत या जातीची होती. एप्रिल २००७मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. जूनमध्ये अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने कंपनीला दीर्घ मुदतीचे नवे करार करायला सहा महिन्यांची बंदी घातली.

नवे करार बंद म्हणजे नवा पैसा बंद. पुढे काय झालं असेल ते वरच्या परिच्छेदांवरून ओळखता येईल. पगार उशिरा होऊ लागले, मग थांबले. शिक्षकांच्या पगारातून कापलेलं घरभाडं घरमालकांपर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे काहींना घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. २६ ऑक्टोबर २००७ला कंपनीने ओसाकाच्या न्यायालयात घेणेकऱ्यांपासून संरक्षणासाठी अर्ज केला आणि शाखांना कुलपं लागली. सुमारे ४ हजार परदेशी शिक्षक एकाच वेळी रस्त्यावर आले. काहींनी जेवणाच्या बदल्यात धडे दिल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. नाव आणि काही शाखा पुढे दुसऱ्या कंपनीने घेतल्या, म्हणून ते नाव आजही दिसतं. २०१०मध्ये जिओस ही दुसरी मोठी साखळीही दिवाळखोरीत गेली.

तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे. महिन्याच्या महिन्याला फी घेण्याची पद्धत वाढली. दोन महिन्यांहून लांब आणि ५० हजार येनांवरच्या करारात विद्यार्थ्याला ८ दिवसांत माघार घेता येते. नंतर सोडला तर शाळेला ५० हजार येन किंवा उरलेल्या रकमेच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच कापता येतं. पण लहान, दोन-चार शाखांच्या शाळा आजही नव्या प्रवेशांवरच तगतात. शिक्षकाने निवडलेली शाळा फी आगाऊ किती महिन्यांची घेते, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

## साडेएकोणतीस तासांचं कोडं

अनेक करारांत आठवड्याचे कामाचे तास २९.५ लिहिलेले असतात. तीस का नाहीत?

जपानमध्ये नोकरदारासाठी आरोग्यविमा आणि पेन्शन यांची एक जोड व्यवस्था आहे. तिला शाकाई होकेन म्हणतात. तिचा हप्ता निम्मा कर्मचारी भरतो, निम्मा मालक. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तासांच्या तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला त्यात घ्यावंच लागतं. पूर्णवेळ म्हणजे ४० तास, त्याचे तीन-चतुर्थांश ३०. करारात अर्धा तास कमी लिहिला की मालकाचा वाटा वाचतो. त्या अर्ध्या तासाचा अर्थ एवढाच.

आता एक दिवस जवळून पाहा. समजा, धडा ४० मिनिटांचा आहे आणि दिवसाला ८ धडे आहेत. पाच दिवसांचे झाले १ हजार ६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. कागदावर अर्धवेळच काम. प्रत्यक्षात शिक्षक दुपारी एकला येतो आणि रात्री नऊला निघतो. दुपारी घरकाम आटोपून आलेल्या गृहिणी आणि निवृत्त मंडळी, चारनंतर शाळकरी मुलं, सातनंतर ऑफिसमधून थेट आलेले नोकरदार. दोन धड्यांमध्ये १० मिनिटं. त्या १० मिनिटांत झालेल्या धड्याची नोंद विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये करायची, पुढच्याची फाइल काढायची, त्याचं मागचं पान वाचायचं, फळा पुसायचा, पाणी प्यायचं. ही १० मिनिटं कामाची की विश्रांतीची, यावर जपानमध्ये संघटना आणि मालक यांची वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. माझ्या मते यात दुसरी बाजूच नाही. मालकाच्या जागेत, मालकाच्या विद्यार्थ्याची नोंद लिहिण्यात गेलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे. जेवणाचा तास वगळूनही तो शिक्षक आठवड्याला ३५ तास तिथेच असतो.

कायदा हळूहळू ही फट बुजवत आला आहे. २०१६मध्ये ५०० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी मर्यादा आठवड्याला २० तासांवर आली. २०२२मध्ये ती १०० हून अधिक आणि ऑक्टोबर २०२४पासून ५० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना लागू झाली. म्हणजे मोठ्या साखळीत २९.५चा डाव आता चालत नाही. लहान शाळेत मात्र चालू शकतो. तिथे तुम्हाला राष्ट्रीय आरोग्यविमा आणि राष्ट्रीय पेन्शन स्वतः भरावी लागते. त्यातल्या पेन्शनचाच हप्ता २०२५-२६मध्ये महिन्याला १७ हजार ५१० येन होता.

तास तिसाच्या आत असले तरी आठवड्याला पाच दिवस काम असेल, तर सहा महिन्यांनंतर १० दिवसांची भरपगारी रजा मिळतेच. हजेरी ८० टक्के हवी. करारात रजेचा उल्लेख नसला तरी हा हक्क जात नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे शिक्षकाला कर्मचारी न म्हणता स्वतंत्र कंत्राटदार म्हणणारा करार. त्याला ग्योमु इताकु म्हणतात. तो करार असेल तर रजा नाही, विम्यात मालकाचा वाटा नाही, बेरोजगारी भत्ता नाही. धडा रद्द झाला की बऱ्याचदा पैसेही नाहीत. नोव्हेंबर २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने शाळेवर अशा कंत्राटदाराला अटी लेखी देण्याचं आणि पैसे ६० दिवसांत देण्याचं बंधन आलं आहे, एवढाच आधार. शिवाय वेळापत्रक, जागा, पुस्तक, कपडे सगळं शाळा ठरवत असेल, तर वाद झाल्यावर कराराच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचं स्वरूप पाहिलं जातं. पण तो वाद परक्या देशात, परक्या भाषेत लढायचा असतो. पहिलीच नोकरी असेल तर हा करार टाळा.

## अडीच लाखांतले हातात किती?

पगार २ लाख ५० हजार येन धरू. शाकाई होकेन असेल तर पेन्शनचे सुमारे २४ हजार, आरोग्यविम्याचे साधारण १३ हजार, बेरोजगारी विमा आणि आयकराचे मिळून ६-७ हजार कापले जातात. उरले २ लाख ६-७ हजार. कंपनीच्या घराचं भाडं ५५-६० हजार असेल तर ते पगारातूनच वळतं होतं. वीज, गॅस, फोन, जेवण उरलेल्या दीड लाखातून.

रुपयांत पाहायचं तर येन सध्या ५५ ते ६० पैशांच्या आसपास आहे. पूर्ण पगार म्हणजे महिन्याला १ लाख ४० ते ५० हजार रुपये. २०१२मध्ये एका डॉलरला ८० येन मिळत होते, २०२४मध्ये १६० पर्यंत गेले. जाहिरातीतला अडीच लाखांचा आकडा मात्र दोन दशकांपूर्वीही हाच होता. घरी पैसे पाठवायचं ठरवून निघालेल्याने हा हिशेब आधी करावा. इथलं शैक्षणिक कर्ज तिथल्या पगारातून फेडायचं असेल तर आणखी काटेकोरपणे करावा.

दुसऱ्या वर्षीचा धक्का वेगळाच. जपानमधला निवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून सगळं बरं वाटतं. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून एवढ्या पगारावर महिन्याला साधारण १० हजार येन कापले जाऊ लागतात. पगारवाढ झाली नसेल तर हातातली रक्कम चक्क कमी होते.

## पण भारतीयाला ही नोकरी मिळते का?

मिळते, पण वाट अरुंद आहे. बऱ्याच शाळांना इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक हवा असतो आणि व्यवहारात त्याचा अर्थ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असा लावला जातो. कधी कधी तर तो चेहऱ्यावरून लावला जातो. हे अन्यायाचं आहे आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. उत्तम इंग्रजी शिकवणाऱ्या फिलिपिनो शिक्षकांनी ऑनलाइन वर्गांत ही समजूत मोठ्या प्रमाणावर मोडली आहे, पण त्याच ऑनलाइन वर्गांच्या स्वस्त दरांनी वर्गातल्या शिक्षकाच्या पगारावर दबावही आणला आहे.

व्हिसाच्या बाजूने पाहिलं तर खासगी शाळेसाठीच्या निवास-दर्जात, म्हणजे व्हिसाच्या प्रकारात, विद्यापीठाची पदवी हा मुख्य निकष आहे. भाषा शिकवण्याच्या कामासाठी पदवीधराला अनुभवाची सक्ती नाही. सरकारी शाळांसाठीच्या दर्जात मात्र ती भाषा शिकवायची असेल तर १२ वर्षं त्याच भाषेतून शिक्षण झालेलं असावं लागतं, आणि अनेक खासगी शाळाही निवड करताना हीच फूटपट्टी वापरतात. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला शाळा-कॉलेजांची पत्रं जोडून हे दाखवता येतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढची पाच वर्षं इंग्रजीतून, अशा उमेदवाराचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी कागदावर अडचण येते. त्याने जपानी भाषेची पातळी वाढवून अनुवाद, दुभाषेगिरी किंवा कंपन्यांमधल्या समन्वयाच्या कामाकडे वळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि हे सगळं काम त्याच निवास-दर्जात बसतं.

व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र जपानमधल्या शाळेमार्फत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून निघतं. त्यासाठी इथला कुणी एजंट काही लाख मागत असेल तर उठून यावं. पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ, असं सांगणाऱ्यापासून तर दोन हात लांबच राहावं.

## नोकरी सोडली किंवा शाळाच बुडाली तर?

व्हिसा मालक काढून घेईल, ही धमकी सर्रास दिली जाते. ती पोकळ आहे. निवासाची परवानगी तुमच्या नावावर असते आणि नोकरी सुटल्या दिवशी संपत नाही. १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं आणि तीन महिन्यांत त्याच प्रकारचं काम मिळवायचं. सबळ कारणाशिवाय त्याहून जास्त काळ रिकामं राहिलं तर परवानगी रद्द होऊ शकते. सरकारी शाळेत गेलात तर दर्जा बदलून घ्यावा लागतो.

मुदतीआधी सोडल्यास अमुक लाख येन दंड, असं कलम करारात दिसलं तर घाबरू नका. असा दंड आधीच ठरवून ठेवायला कामगार कायद्याचीच मनाई आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर थकलेल्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम, वयानुसार ठरलेल्या मर्यादेत, सरकारी योजनेतून मिळते. शिक्षकांच्या संघटनाही आहेत: ओसाकात जनरल युनियन, टोकियोत तोझेन. एकटा माणूसही सभासद होऊ शकतो. बर्लिट्झच्या शिक्षकांनी २००७-०८मध्ये दीर्घ संप केला, तेव्हा कंपनीने संपवाल्यांवरच नुकसानभरपाईचा दावा ठोकला. टोकियोच्या न्यायालयाने तो २०१२मध्ये फेटाळला.

सलग करारांची एकूण मुदत पाच वर्षांपुढे गेली की कायमस्वरूपी कराराची मागणी करण्याचा हक्क मिळतो. हा नियम २०१३पासून आहे. म्हणूनच काही मालक पाचव्या वर्षाच्या आधी नूतनीकरण थांबवतात. पहिल्याच करारात नूतनीकरणाची कमाल मर्यादा लिहिलेली आहे का, ते पाहा.

## परत येताना पेन्शनचे पैसे

भारतात परतणाऱ्याला भरलेल्या पेन्शनपैकी काही भाग एकरकमी काढता येतो. किमान सहा महिने हप्ते भरलेले हवेत, जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज हवा. २०२१पासून हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षं धरली जातात. नोकरदार पेन्शनच्या रकमेवर २०.४२ टक्के कर कापला जातो. जपानमध्ये प्रतिनिधी नेमून तो परत मागता येतो.

हे पैसे घेण्याआधी थोडं थांबा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे. त्यामुळे दोन्ही देशांत भरलेली वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात. जपानी पेन्शनसाठी किमान १० वर्षं लागतात. तिथे चार वर्षं आणि भारतात पीएफ-पेन्शनची सहा वर्षं झाली असतील तर ती अट पूर्ण होऊ शकते. एकरकमी पैसे घेतले की तिथली चार वर्षं पुसली जातात आणि पुन्हा मोजता येत नाहीत. पंचविशीत परतणाऱ्याला हातात आलेली रक्कम मोठी वाटेल. पण पुढे भारतात पीएफ लागणारी नोकरी करणार असाल किंवा पुन्हा जपानला जायची शक्यता असेल, तर दोन वर्षांची मुदत संपत येईपर्यंत अर्ज हातातच ठेवा.